शेजारच्या राष्ट्रांचा फुटबॉल-चषक

जगांतील फुटबॉलचे सर्वांत मोठे सामने चार वर्षांतून एकदां भरतात, आणि त्या महिन्यांत आमच्या बीड जिल्ह्यांतील शाळकरी मुलेंहि अर्जेंटिना, ब्राझिल व फ्रान्स येथील खेळाडूंचीं नांवें धडाधड म्हणून दाखवितात. परंतु याच खेळाचे आणखी एका जातीचे सामने पृथ्वीच्या पाठीवर ठिकठिकाणीं होत असतात. त्यांची हकीकत वर्तमानपत्राच्या कोपऱ्यांत दोन ओळींत येते, आणि ती वाचण्याची तसदी फारसें कोणी घेत नाहीं. एकमेकांच्या सीमेला सीमा लागून असलेलीं, किंवा एकाच समुद्राच्या कांठीं वसलेलीं चार-सहा राष्ट्रें आपापले संघ घेऊन एकत्र येतात, आठ-दहा दिवस खेळतात, आणि त्यांतील एक राष्ट्र चषक घेऊन घरीं जातें. जगज्जेतेपद तर यांत मिळत नाहींच. मग हा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न विचारी वाचकाच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर देण्याचा प्रयत्न आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों. हें उत्तर आपल्या शेजारच्या गोमंतकांत घडलेल्या सामन्यांत सांपडतें, आणि त्याचा संबंध शेवटीं आमच्या तालुक्यांच्या मैदानांशीं येऊन पोहोंचतो. म्हणून तें मुळापासून सांगणें बरें.

प्रथम फुटबॉलचा एक स्वभावधर्म ध्यानांत घेतला पाहिजे. आष्टी तालुक्यांतील मांडवा गांवचे श्री. अविनाश साबळे यांचें नांव ठाऊक नसलेला विद्यार्थी आज आमच्या जिल्ह्यांत विरळा. ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतींत पूर्व आफ्रिकेंतील केनिया देशाचे धांवपटू फार दिवसांपासून अजिंक्य मानले जात. १९९८ पासून २०१८ पर्यंत राष्ट्रकुल क्रीडासामन्यांच्या प्रत्येक खेपेस या शर्यतीचीं तिन्ही पदकें केनियानेंच नेलीं होतीं. २०२२ सालीं बर्मिंगहॅम येथें साबळे यांनीं ही परंपरा मोडून रौप्यपदक मिळविलें. पहिल्या आलेल्या केनियन गड्याच्या मागें ते अवघे पांच शतांश सेकंद होते. पुढील वर्षीं हांगचौ येथील आशियाई क्रीडासामन्यांत याच शर्यतीचें सुवर्णपदक त्यांनीं जिंकलें. धांवणारा मनुष्य असा एकटा वर येऊं शकतो. त्याला रस्ता हवा, गुरु हवा, छातींत दम हवा. प्रतिस्पर्धी रोज समोर नसला तरी घड्याळाचा कांटा त्याला त्याची पायरी दाखवीत असतो.

फुटबॉलचें तसें नाहीं. एका हातानें टाळी वाजत नाहीं, तसा एका संघानें हा खेळ होत नाहीं. समोर दुसरा संघ असावा लागतो, आणि तोहि आपल्या तोडीचा असावा लागतो. तो फार दुबळा असला तर आपण कांहींच शिकत नाहीं. फार प्रबळ असला तर चेंडू आपल्या पायाला लागण्यापूर्वींच सामना हातचा जातो. असा तुल्यबळ प्रतिस्पर्धी बहुधा शेजारींच सांपडतो. ज्यांची हवा, अन्न, मैदानें व सांपत्तिक स्थिति आपल्यासारखी, त्यांचा खेळहि पुष्कळदां आपल्याच तोडीचा असतो. शिवाय शेजाऱ्याकडे जाण्यास खर्च थोडा लागतो, म्हणून पुनःपुन्हां जातां येतें. तोडीचा प्रतिस्पर्धी आणि वरचेवर पडणारी गांठ, या दोन गोष्टींत शेजारच्या राष्ट्रांच्या सामन्यांचें सारें मर्म आहे.

ही कल्पना आजची नव्हे. १८८४ सालीं इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व आयर्लंड या चार शेजाऱ्यांनीं आपसांत प्रतिवर्षीं खेळावयास आरंभ केला, आणि महायुद्धांच्या काळांतील खंड वगळतां तो क्रम १९८४ पर्यंत चालला. दक्षिण अमेरिकेंत १९१६ सालीं ब्युनॉस आयरीस येथें अर्जेंटिना, उरुग्वे, ब्राझिल व चिली हे चार देश जमले. उरुग्वे हा त्यांतील सर्वांत लहान देश. पण पहिला चषक त्यानेंच नेला. मोठ्या शेजाऱ्यांशीं झुंजून कसलेल्या याच लहान देशानें पुढें १९२४ व १९२८ चीं ऑलिंपिक सुवर्णपदकें आणि १९३० चा पहिला जागतिक चषक पटकाविला.

धांवण्यांत जगाला मागें टाकणाऱ्या पूर्व आफ्रिकेनेंहि फुटबॉलसाठीं हीच वाट धरली. १९२६ सालीं केनिया व युगांडा हे ब्रिटिश अमलाखालचे मुलूख असतांना विल्यम गॉसेज या साबण तयार करणाऱ्या विलायती कंपनीनें एक चषक दिला, आणि या दोन शेजाऱ्यांचे सामने सुरू झाले. १९४५ पासून टांगानिका व पुढें झांझिबार बेट त्यांस येऊन मिळालें. १९६१ ते १९६३ या काळांत हे सर्व मुलूख स्वतंत्र झाले. कांहीं वर्षांनीं साबणवाल्यांचें नांवहि गेलें, पण सामने राहिले. १९७३ पासून पूर्व व मध्य आफ्रिकेच्या फुटबॉल-संघटनेच्या विद्यमानें ते भरूं लागले, आणि इथिओपिया, सुदान, सोमालिया, रुआंडा इत्यादि देशहि कालांतरानें त्यांत आले. युगांडानें १९७३, १९७६ व १९७७ या तीन सालीं हा चषक जिंकला आणि लगेच १९७८ मध्यें सबंध आफ्रिका खंडाच्या सामन्यांत अंतिम फेरी गांठली. घरच्या आखाड्यांत मेहनत केलेला मल्ल जत्रेच्या फडांत उतरावा, तसाच हा प्रकार.

झांझिबारची गोष्ट तर याहूनहि बोधप्रद आहे. हें बेट टांझानियाच्या राज्यांत मोडतें. त्यामुळें तें जागतिक फुटबॉल-संघटनेचें स्वतंत्र सभासद नाहीं, आणि स्वतःच्या नांवानें जागतिक सामन्यांत उतरण्याची वाट त्याला बंद आहे. पण शेजाऱ्यांच्या पंक्तींत त्याचें पान मांडलेलें असतें. १९९५ सालीं युगांडांत भरलेल्या सामन्यांत या इवल्याशा बेटानें यजमानांनाच हरवून चषक नेला. जगाच्या दरबारांत ज्याला आसन नाहीं, त्याला शेजाऱ्यांच्या ओसरीवर मान मिळाला.

आतां आपल्या भागाकडे वळूं. भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश व सिलोन या चार देशांचे कोलंबो-चषकाचे सामने १९५२ सालीं सुरू झाले होते. परंतु १९५५ नंतर ते पुढें चालले नाहींत. पुढें १९९३ सालीं लाहोर येथें सार्क सुवर्णचषक या नांवानें नवा आरंभ झाला. भारत, श्रीलंका, नेपाळ व पाकिस्तान एवढेच चार संघ त्या खेपेस होते, आणि विजय भारताचा झाला. १९९५ सालीं कोलंबो येथें श्रीलंकेनें जादा वेळेंत भारतास हरविलें. १९९७ मध्यें काठमांडू येथें भारतानें मालदीवचा ५–१ असा पराभव करून चषक परत मिळविला. याच वर्षीं दक्षिण आशियाई फुटबॉल-संघटनेची स्थापना झाली, आणि १९९९ सालचे सामने भरविण्याचा मान गोमंतकांतील मडगांवास मिळाला.

या कामास गोव्याइतकें योग्य स्थळ आपल्या पश्चिम किनाऱ्यावर क्वचितच दुसरें असेल. गोव्याचें क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या बीड जिल्ह्याच्या सुमारें एक तृतीयांश. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें तेथील वस्ती साडेचौदा लाख, तर एकट्या बीड जिल्ह्याची जवळजवळ छब्बीस लाख. असें असूनहि या लहानशा प्रांतानें भारताच्या संघास पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू पुरविले आहेत. १८८३ सालीं शिवोली गांवीं फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनीं हा खेळ प्रथम आणला असें सांगतात. पुढें शाळांच्या व चर्चच्या मैदानांवर तो वाढला, आणि भाताची कापणी होऊन रिकाम्या झालेल्या शेतांतून गांवोगांव पसरला. म्हणजे मैदान नाहीं म्हणून कोणी खोळंबून राहिलें नाहीं. गांवाचा गांवाशीं आणि वाड्याचा वाड्याशीं सामना होतां होतां १९८३ मध्यें गोव्यानें बंगालच्या बरोबरीनें संतोष-चषक मिळविला. गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर हे तर भारताच्या संघाचे नायकहि झाले.

१९९९ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस मडगांवच्या फातोर्डा येथील नेहरू क्रीडांगणावर सहा राष्ट्रांचे संघ जमले. भारत, बांगलादेश व पाकिस्तान हा एक गट आणि मालदीव, नेपाळ व श्रीलंका हा दुसरा. भारत व बांगलादेश यांची पहिली गांठ गटांतच पडली आणि सामना ०–० असा बरोबरींत सुटला. त्याच दोघांची पुन्हां अंतिम सामन्यांत, १ मे रोजीं, गांठ पडली. त्या दिवशीं भारतानें २–० असा विजय मिळविला. एक गोल गोव्याच्याच ब्रूनो कुतिन्हो यांनीं केला, तर दुसरा सिक्कीमच्या भायचुंग भुतिया यांनीं. समुद्रकांठचा एक आणि हिमालयाच्या कुशींतला एक, अशा दोघां गड्यांनीं मिळून हा चषक आणला.

एकाच सामन्यांत दोन संघ दोनदां एकमेकांसमोर कसे येतात, असें कोणी विचारील. याचा हिशेब विद्यार्थ्यांनीं एकदां समजून घेण्यासारखा आहे, कारण आंतरशालेय सामने भरवितांनाहि तो उपयोगीं पडतो. सहा संघ असतां प्रत्येकानें प्रत्येकाशीं खेळावयाचें म्हटलें तर पंधरा सामने होतात. त्यास दिवस फार लागतात व खर्चहि फार. हरला तो बाद, असें ठरविलें तर पांच सामन्यांत काम आटोपतें; पण मग दूरदेशाहून आलेला संघ एकच सामना हरून दुसऱ्या दिवशीं परतीची गाडी धरतो. म्हणून मधला मार्ग काढतात. तीन-तीन संघांचे दोन गट करावयाचे. प्रत्येक गटांत तीन सामने, म्हणून दोन गटांचे सहा. जिंकणाऱ्यास तीन गुण, बरोबरी झाल्यास दोघांसहि एक-एक. प्रत्येक गटांतील पहिले दोन संघ पुढें जातात. एका गटाचा पहिला दुसऱ्या गटाच्या दुसऱ्याशीं खेळतो. असे उपांत्य सामने दोन, तिसऱ्या स्थानासाठीं एक आणि अंतिम एक, मिळून दहा सामने. यांत कोणताहि संघ निदान दोनदां खेळल्यावांचून जात नाहीं, आणि एका गटांतील दोन संघांची पुन्हां गांठ पडण्यास तिसऱ्या स्थानाचा किंवा अंतिम सामनाच उजाडावा लागतो. भारत व बांगलादेश यांचें तसेंच झालें.

परंतु मडगांवच्या सामन्यांचें खरें फळ त्या दिवशींच्या विजयांत नव्हतें, असें आम्हांस वाटतें. तें पाहावयाचें तर पराभूतांच्या मागोमाग गेलें पाहिजे. १ मे रोजीं हरलेल्या बांगलादेशनें त्याच वर्षीं काठमांडू येथील दक्षिण आशियाई क्रीडासामन्यांत फुटबॉलचें सुवर्णपदक जिंकलें, आणि २००३ सालीं ढाका येथें याच शेजाऱ्यांच्या चषकावर आपलें नांव कोरलें. त्या अंतिम सामन्यांत पेनल्टी किकांवर हरलेला संघ मालदीवचा होता. मालदीव म्हणजे हिंदी महासागरांतील प्रवाळांच्या लहान-लहान बेटांचा समूह. तेथें भलीं मोठीं मैदानें काढावयासहि जमीन नाहीं. १९९७ मध्यें ५–१ असा मार खाल्लेला हा देश २००३ मध्यें पेनल्टी किकांपर्यंत पोहोंचला, आणि २००८ सालीं कोलंबो येथें अंतिम सामन्यांत त्यानें प्रत्यक्ष भारतावर १–० अशी मात केली. त्या सुमारास मालदीवची सबंध प्रजा तीन लाखांच्या आंत होती. २००१ च्या शिरगणतींत बीड जिल्ह्याची वस्ती तिच्या सातपट भरली होती. लोकसंख्येवरच खेळ ठरत असता, तर एवढ्या लोकांच्या देशास शंभर कोटींहून अधिक लोकांच्या देशावर विजय स्वप्नांतहि मिळाला नसता.

अफगाणिस्तानचें उदाहरण याहून हृदयस्पर्शी आहे. वर्षानुवर्षें युद्धानें पोळलेला हा देश २००३ मध्यें प्रथमच या सामन्यांत आला आणि एकहि सामना न जिंकतां परतला. २०११ सालीं दिल्लीस तो अंतिम सामन्यापर्यंत आला, पण भारतानें त्यास ४–० असें हरविलें. दोनच वर्षांनीं काठमांडू येथें त्याच अफगाणिस्तानानें अंतिम सामन्यांत भारतास २–० असें नमविलें. जागतिक सामन्यांच्या प्राथमिक फेरींत हरलेल्या संघास पुन्हां चार वर्षें वाट पाहावी लागते. शेजाऱ्यांच्या सामन्यांत मात्र हरलेल्याला बहुधा दोन-तीन वर्षांतच फिरून बोलावणें येतें. कालचा पराभव विसरण्यापूर्वींच त्याची परतफेड करण्याची संधि मिळणें, हें शिकणाऱ्याला फार मोठें साहाय्य होय.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून पुढें जाणें योग्य नव्हे. २०२३ पर्यंत या चषकाच्या चौदा खेपा झाल्या. त्यांपैकीं नऊ वेळां भारत विजयी झाला, चार वेळां अंतिम सामन्यांत हरला, आणि फक्त २००३ मध्यें तिसऱ्या स्थानावर राहिला. वासरांत लंगडी गाय शहाणी, अशांतला हा पराक्रम नव्हे काय, असें आक्षेपक म्हणतात. ज्या भारतानें १९५१ व १९६२ मध्यें आशियाई क्रीडासामन्यांत सुवर्णपदक जिंकलें, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्यें चौथें स्थान मिळविलें, त्यानें शेजारच्या लहान देशांना हरवून किती समाधान मानावें? या म्हणण्यांत तथ्य आहे. शेजाऱ्यांचा चषक ही पायरी आहे, गच्ची नव्हे. जो पायरीवरच बसून राहील तो वर जाणार नाहीं. पण त्यासाठीं पायरी फोडून टाकण्याचें कारण नाहीं. बलवान संघाला या सामन्यांचा दुसरा उपयोग आहे. २००९ सालीं ढाका येथें भारतानें तेवीस वर्षांखालील तरुणांचा संघ पाठविला, आणि त्या नवख्या मुलांनीं चषक जिंकून आणला. २०२३ मध्यें बंगळूर येथें लेबनॉन व कुवेत या बाहेरच्या दोन बलिष्ठ संघांना पाहुणे म्हणून बोलाविलें. उपांत्य सामन्यांत लेबनॉनशीं आणि अंतिम सामन्यांत कुवेतशीं झुंजतांना भारताला दोन्ही वेळां पेनल्टी किकांपर्यंत जावें लागलें. पायरी अशी उंच करतां येते.

या सामन्यांना आणखी एक बाजू आहे. शेजाऱ्यांचें प्रेम जसें जवळचें, तसें त्यांचें भांडणहि जवळचेंच असतें. मडगांवच्या सामन्यांत पाकिस्तानचा संघ आला होता, खेळला आणि परत गेला. त्यास महिना लोटला नाहीं तोंच कारगिलच्या डोंगरांत तोफा धडाडूं लागल्या. तरीहि सहा वर्षांनीं, २००५ च्या डिसेंबरांत, भारताचा संघ कराचीस गेला आणि तेथें बांगलादेशला २–० असें हरवून चषक घेऊन आला. २०२३ मध्यें पाकिस्तानच्या संघास व्हिसा इतक्या उशीरां मिळाले कीं, तो बंगळूरास पोहोंचला तो भारताशीं सामना होता त्याच दिवशीं. आणि ४–० असा हरला. विजय तो विजय. परंतु दमून आलेल्या पाहुण्याला हरविण्यांत खेळाची गोडी थोडी उणीच राहते, हें कोणीहि खिलाडू मनुष्य कबूल करील. चेंडू युद्धें थांबवितो असें आम्ही म्हणत नाहीं; तसा दावा इतिहासाला धरून होणार नाहीं. पण ज्या देशाचें नांव आपण एरव्हीं केवळ भांडणाच्या बातम्यांत ऐकतों, त्या देशाचीं अकरा माणसें आपल्यासारखींच धांवतात, घसरतात, धापा टाकतात आणि सामना संपल्यावर हात पुढें करतात, एवढें तरी या दीड तासांत डोळ्यांना दिसतें. एवढें दिसणेंहि कांहीं थोडें नव्हे.

मुलींच्या खेळाचा वृत्तान्त सांगितल्यावांचून हा विषय अपुरा राहील. दक्षिण आशियांतील स्त्रियांच्या संघांचे सामने २०१० पासून भरूं लागले, आणि पहिल्या पांचहि खेपांस भारताच्या मुलींनीं चषक जिंकला. नंतर २०२२ सालीं व पुन्हां २०२४ सालीं, दोन्ही वेळां काठमांडू येथें व दोन्ही वेळां नेपाळला अंतिम सामन्यांत हरवून, बांगलादेशच्या मुली विजयी झाल्या. या संघाच्या घडणींत मैमनसिंह जिल्ह्यांतील कलसिंदूर या खेड्याचा वांटा फार मोठा आहे. तेथील सरकारी प्राथमिक शाळेंतील मुली प्राथमिक शाळांच्या सामन्यांतून पुढें आल्या आणि त्यांतील कित्येक थेट राष्ट्राच्या संघांत जाऊन पोहोंचल्या. खेड्यांतील एक शाळा, तिचें साधें मैदान, आणि वर्षाच्या वर्षास न चुकतां होणारे शेजारच्या शाळांशीं सामने, एवढ्या भांडवलावर एका राष्ट्राचा संघ उभा राहूं शकतो, याचें हें ताजें प्रमाण आहे.

आतां आमच्या जिल्ह्याचा विचार करूं. कोल्हापूरकडे पाहिलें तर तेथें फुटबॉल कसा वाढला याचें कारण लगेच ध्यानांत येतें. पेठापेठांच्या तालमींचे संघ एकमेकांविरुद्ध उतरतात, आणि शाहू क्रीडांगण माणसांनीं फुलून जातें. तेथें पेठ हीच जणू राष्ट्र आणि शेजारची पेठ हाच प्रतिस्पर्धी. बीड जिल्ह्यांत अकरा तालुके आहेत. म्हणजे एका संघांत गडी असतात तितकेच! अंबाजोगाई, परळी, माजलगांव, गेवराई, केज, पाटोदा, आष्टी यांपैकीं प्रत्येकानें मुलांचा एक व मुलींचा एक संघ उभा करावा, शेजारच्या दोन-तीन तालुक्यांचे गट करावे, आणि वर सांगितलेल्या हिशेबानें सामने लावावे, तर फार मोठ्या द्रव्याची जरुरी पडणार नाहीं. एक चेंडू, चार खांब, निःपक्षपाती पंच आणि पुढच्या वर्षीं पुन्हां याच दिवसांत जमण्याचा निश्चय, एवढें असलें म्हणजे पुरे. यांतील शेवटची वस्तु सर्वांत दुर्मिळ आहे.

मात्र यांत एका गोष्टीची काळजी अवश्य घेतली पाहिजे. आमच्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, आणि साखर कारखान्यांचा हंगाम संपल्यावर परततात. त्यांच्याबरोबर पुष्कळ मुलेंहि जातात. म्हणून सामने जर हिंवाळ्यांत ठेविले, तर संघांतील कित्येक चपळ गडी ऐन वेळीं उसाच्या फडांत असतील. आणि मग मैदानावर जो संघ उतरेल तो तालुक्याचा खरा संघ नव्हेच. करितां सामने जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत आटोपावे, असें आमचें मत आहे. त्या दिवसांत मृगाच्या व आर्द्राच्या सरींनीं जमीन मऊ झालेली असते, पडलें तर लागत नाहीं, आणि सगळीं मुलें गांवांत असतात. पंक्ति मांडावयाची तर सर्व जेवणारे घरीं असतांना मांडावी, हा साधा व्यवहार आहे. आणखीहि एक लाभ यांतून संभवतो. ज्या मुलाचें नांव संघाच्या यादींत आहे, ज्याची वाट दहा सोबती पाहत आहेत, त्याला शाळेची ओढ अधिक राहते. आणि गांवकरीहि त्याला मागें ठेवण्याची, त्याच्या राहण्याजेवण्याची सोय करण्याची कांहीं खटपट करतील, अशी आशा बाळगण्यास जागा आहे.

जागतिक चषक दुरून पाहावयाचा असतो, आणि तो अवश्य पाहावा. पण दुरून डोंगर साजरे. चढण्याचा अभ्यास गांवाबाहेरच्या टेकडीवरच करावा लागतो. उरुग्वे, युगांडा, झांझिबार, मालदीव आणि अफगाणिस्तान हे सर्व शेजाऱ्यांशीं खेळूनच मोठे झाले, आणि शेजाऱ्यांशीं हरूनच जिंकावयास शिकले. केजचा संघ धारूरला जाईल, धारूरचा संघ वडवणीस जाईल, कोणी हरेल, कोणी जिंकेल, आणि हरलेला पुढच्या पावसाळ्याची वाट पाहत घरीं येईल. तेव्हां आमच्या जिल्ह्यांतील फुटबॉलचा श्रीगणेशा झाला असें आम्ही समजूं.